माझी आई सगळ्यांना भेटली

या सदरात लोक जे लिहितात ते मी कित्येक वर्षं वाचत आलेय आणि खरं सांगते, हसत आलेय. पिंपळाखाली कोण उभं होतं, घाटात गाडीला कोणी हात केला, वगैरे वगैरे... आमच्या ह्यांना मोठ्याने वाचून दाखवायचे आणि म्हणायचे, "लोकांना झोप कमी पडते, दुसरं काय!" आमच्या घरात देव्हारा आहे, पण अंगारे-धुपारे नाहीत. लिंबू येतं ते फक्त सरबताला. तेव्हा आज इथे लिहायला बसलेय हे बघून ओळखीतलं कोणी हसलं तर मी काही बोलणार नाही. मीही हसलेच असते.

आणि ही भुताची गोष्टही नाही. यात घाबरण्यासारखं काही नाही. मला भीती वाटलीच नाही, माझा जळफळाट झाला. अंगाची नुसती लाही लाही! दुसऱ्याच्या सुखावर जळू नये म्हणतात ना... ते मला कधीच जमलेलं नाही, आणि या वेळी तर सुख माझंच होतं, नेत होत्या दुसऱ्या.

मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. माहेर लासलगावचं. वडील कांदा मार्केटमध्ये मापारी होते, म्हणजे माल तोलायचं काम. आणि आई घरीच दुपारची जेवणं घालायची. बोर्ड वगैरे काही नव्हता, पण सगळ्यांना माहीत होतं. चांदवडकडचे, येवल्याकडचे शेतकरी लिलावाला यायचे, ट्रॅक्टर रांगेत लावायचे आणि नंबर लागेपर्यंत आमच्या पडवीत पंगतीला बसायचे. पिठलं, भाकरी, ठेचा. कांदा काय, हात लांब केला की होताच. मी कॉलेजात असताना आई गेली. साध्या तापाचं निमित्त झालं.

तिचा एकच फोटो आहे. कोणाच्या तरी लग्नातला, घोळक्यातला. नेमका वाऱ्याने पदर तोंडावर आलेला. आणि मी हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, ह्यांनाही नाही — गेल्या काही वर्षांपासून मला आईचा चेहरा आठवेनासा झालाय. हात आठवतात. पाठ आठवते, चुलीपुढे वाकलेली. आवाज थोडा थोडा. पण चेहऱ्याशी आलं की सगळं धुरकट होतं. पोटच्या पोरीने आईचा चेहरा विसरायचा असतो का? मी कितीदा डोळे मिटून बसलेय, पण नाही येत.

आता शैला. शैला आमच्या शेजारची, माझ्याच वर्गातली. तिची आई सदा अंथरुणाला खिळलेली, म्हणून ही सकाळ-संध्याकाळ आमच्याकडे. पुढे मास्तरीण झाली, नाशिकलाच गंगापूर रोडला स्थायिक झाली, आणि निवृत्त झाल्यावर हिने काय केलं, तर कादंबरी लिहिली. 'दुपारची पंगत'. लासलगाव, कांद्याचे ट्रॅक्टर, आणि पडवीत जेवू घालणारी भागामावशी. नाव तेवढं बदललं, बाकी सगळी माझी आई! तिचं वाकणं, तिचं पदर खोचणं, परातीवर थापताना बांगड्या मागे सारणं. पुस्तक बघता बघता गाजलं. जो तो म्हणे, वाचताना भाकरीचा वास येतो, आपण तिथेच जाऊन बसतो, पुस्तक मिटलं तरी बाहेर यावंसं वाटत नाही. मी पण वाचलं. मला वास आला तो नव्या कागदाचा.

आणि सगळ्यात कहर म्हणजे भागामावशीला मूलबाळच नाही! अख्ख्या पुस्तकात मी औषधालाही नाही. शेजारची एक पोरकी मुलगी मात्र आहे. दोन वेण्या घालणारी, हुशार, बिचारी, भागामावशी तिच्यावर जीव टाकते. ती कोण ते सांगायला नकोच. पुस्तक मिळाल्यावर मी शैलाला फोन केला, "छान आहे" म्हटलं आणि ठेवून दिला. नंतर पातेलं घासताना ते इतकं आपटलं की ह्यांनी हॉलमधून विचारलं, काय पडलं गं?

तर आमच्या सोसायटीत मंदाताई म्हणून आहेत. दर वर्षी त्यांच्या हॉलमध्ये आम्हा बायकांचं पोथीचं पारायण असतं. सात दिवस, दुपारची जेवणं उरकल्यावर. एकीने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, अध्याय अर्धा सोडून उठायचं नाही, शेवटी नैवेद्य. या वर्षी सुलभाकाकूंच्या डोक्यात आलं की पोथी नेहमीचीच, एखादं चांगलं पुस्तकही असंच वाचून बघू. आणि पुस्तक कुठलं निघावं? बरोबर. त्यांच्या सुनेने आणून दिलेलं. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. 'ही माझी आई आहे' असंही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सगळ्या शैलाचंच कौतुक करत बसल्या असत्या, ते कोण ऐकणार?

पहिल्या दुपारी गंमत झाली. मंदाताईंनी सवयीने चौरंग मांडला, त्यावर ती कादंबरी ठेवली, हळदकुंकू वाहिलं, आणि हातावर पळीभर पाणी घेऊन डोळे मिटून चक्क संकल्पच सोडला! नेहमीचाच, पाठ असलेला. "या ग्रंथातल्या मूर्तीचं आम्हां सर्वांना दर्शन होवो, तृप्ती होवो..." पाणी ताम्हनात पडलं तेव्हा विमलवहिनी म्हणाल्या, "अहो मंदाताई, कादंबरी आहे ती!"

मंदाताईंनी जीभ चावली. "अगं बाई... आता सोडलं बाई पाणी. सोडलेलं काय परत घेता येतं?"

पोट दुखेपर्यंत हसलो सगळ्या. मीसुद्धा.

विमलवहिनी वाचायला बसल्या. त्या मूळच्या चांदवडच्या, शाळेत शिकवायच्या, आवाज खणखणीत. पहिलं प्रकरण पंगतीचंच आहे. मी कोचाच्या कडेला बसून भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते, कारण ऐकायची मला इच्छाच नव्हती. प्रकरण संपलं, विमलवहिनींनी पुस्तक मिटलं. मंदाताईंनी मोठ्ठा ढेकर दिला. आणि सुलभाकाकू म्हणाल्या, "ठेचा मात्र जहाल होता हो. साखर आहे का जरा?"

सुलभाकाकूंना पित्ताचा त्रास, त्या मिरचीला शिवत नाहीत. पण डोळ्यांतून पाणी, नाक लाल, जीभ बाहेर काढून वारा घेताहेत. बाकीच्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मग एकदम गलका. तूही? तुलाही? मी तर तिसऱ्या भाकरीला नको म्हटलं! पडवी बघितलीस? सारवलेली, गार! नैवेद्याचा शिरा तसाच राहिला, कोणाच्या पोटात जागाच नव्हती. त्या रात्री त्यांच्यापैकी एकही घरी जेवली नाही म्हणे.

मी काय म्हटलं असेल? "मनाचे खेळ." चप्पल घातली आणि घरी आले. नाटकी बायका, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी प्रकरण संपल्यावर मंदाताई आपल्याशीच हसत म्हणाल्या, "काय बाई आग्रह तरी! मी पुरे म्हटलं तर म्हणते कशी, तोंड नको म्हणतंय, डोळे दे म्हणू ऱ्हायले."

हे आईचं वाक्य होतं. प्रत्येक पाहुण्याला, प्रत्येक ड्रायव्हरला, हेच म्हणत अर्धी भाकरी आणखी टाकायची. आणि हे पुस्तकात नाही! मी घरी जाऊन पान न् पान शोधलं. कुठेच नाही. मंदाताई जन्मात लासलगावला गेलेल्या नाहीत. त्यांचं माहेर सांगलीकडचं, त्यांच्या तोंडी 'म्हणू ऱ्हायले' येणार कुठून?

त्या रात्री मी ते प्रकरण एकटीने वाचलं. मग मोठ्याने वाचलं. मग डोळे मिटून ह्यांना वाचायला लावलं. हे बिचारे अडखळत वाचत होते आणि मी वाट बघत होते. काही नाही. ह्यांनी विचारलं, "नक्की काय व्हायला पाहिजे?" मी म्हटलं, झोपा तुम्ही.

तिसऱ्या दिवशी मी जरा लाज गुंडाळून ठेवली. प्रकरण संपल्या संपल्या विचारलं, "दिसते कशी हो ती?"

आणि त्या सांगायला लागल्या. अगदी काल लग्नात भेटलेल्या बाईबद्दल सांगावं तसं. सावळीच आहे, पण तेज आहे हो. कपाळ मोठं. हसली की एका गालाला खळी पडते, दुसऱ्या नाही. आणि मंदाताई म्हणाल्या, "डाव्या भुवईत जरा तुटलंय बघा. केस नाहीत तिथे. लहानपणी खोक पडली असेल."

विहिरीच्या रहाटाचा दांडा लागलेला. तिनेच सांगितलं होतं मला कधीतरी. मी ते साफ विसरले होते. माझ्या आईच्या भुवईची खूण मला मंदाताईंकडून कळली! तुम्हाला काय वाटतं, मला आनंद झाला? छे. मला मंदाताईंच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या. ही कोण? हिचा काय संबंध? हिच्या ताटात माझी आई भाकरी वाढते आणि मी इथे कोचाच्या कडेवर बसून कॅलेंडर बघते!

चौथ्या दिवशी मी म्हटलं, "आज मी वाचते." कोणाला हरकत नव्हती. म्हटलं, विमलवहिनींच्या वाचण्यात काही असेल. किंवा निदान शब्द माझ्या तोंडातून गेले तर ती ओळखेल तरी... काय काय विचार केले होते मी, आता सांगायलाही लाज वाटते.

वाचायला लागले. अर्ध्या पानातच हॉल बदलला. म्हणजे हॉल तोच होता, बायका बदलल्या. त्यांचे खांदे सैल पडले, मांड्या ठोकून बसल्यासारख्या बसल्या. सुलभाकाकूंचा जबडा हलायला लागला. आणि सगळ्यांनी माना वर केल्या. आपण खाली पंगतीत बसलेलो असतो आणि वाढणारी समोर उभी असते, तेव्हा बघतो ना, तशा. सगळ्यांची नजर एकाच जागी. मग ती नजर हळूहळू सरकायला लागली. मंदाताईंपाशी थांबली, पुढे सुलभाकाकूंपाशी, मग पुढची... वाढणारी पंगतीने पुढे येत होती. मी वाचत होते. थांबले नाही. नजरा माझ्यापाशी आल्या. आणि माझ्यावरून पुढे निघून गेल्या.

म्हणजे ती माझ्यासमोरून गेली. हातभर अंतरावरून. आणि मला दिसला तो मंदाताईंचा टीव्ही.

मी पुस्तक फाडकन मिटलं. वाक्य अर्धं, प्रकरण अर्धं. बायका पाण्यातून डोकं वर काढावं तशा धापा टाकत जाग्या झाल्या. सुलभाकाकूंची बोटं घास धरल्यासारखी तशीच, आणि त्यांना कडाडून उचकी लागलेली. "अगं, असं करतात का? पाणी तरी पिऊ द्यायचं होतंस!" मंदाताई तर संतापल्याच. "अध्याय अर्धा सोडत नाहीत, एवढं कळत नाही तुला?"

"मला सगळं कळतं," मी म्हटलं. "माझी आई आहे ती! माझी!"

आणि रडायला लागले. हमसून हमसून. मग सगळं सांगावंच लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी गंगापूर रोडला शैलाच्या दारात. तिने दार उघडलं तशी मी म्हटलं, "शैले, माझी आई परत दे."

तिला वाटलं मी पुस्तकावरून भांडायला आलेय. चहा टाकते म्हणाली. मी ओट्यापाशी उभी राहून एका दमात सगळं सांगितलं. तिच्या हातातली साखरेची बरणी तशीच राहिली.

"त्या बायकांना तुझी आई दिसली?"

"दिसली म्हणजे? तिच्या हातचं बसून जेवल्या!"

शैला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला तिचा. म्हणाली, "वंदे, मला एकदाही नाही गं. मी कशासाठी लिहीत बसले होते एवढी वर्षं? पुस्तक छापायला? मला वाटायचं, नीट लिहिलं, अगदी बरोबर लिहिलं, तर एक दिवस ती समोर येऊन बसेल. लोक फोन करतात, सांगतात तुमच्या भागामावशीने आम्हाला जेवू घातलं. मी थँक्यू म्हणते, आणि फोन ठेवला की रडते."

खरं सांगू? मला जरा बरं वाटलं. वाईट आहे, पण वाटलं.

"मग मला का काढलंस?" मी विचारलं. "मूल नाही म्हणे भागामावशीला!"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू असतीस तर ती तुझीच झाली असती. मला कुठे जागा होती? दिवे लागले की मला घरी जावं लागायचं, आणि तू तिथे दारात, तिच्या पदराला धरून. टाटा करायचीस मला. मी इतकी जळायचे तुझ्यावर, वंदे... अजून जळते."

चाळीस-पन्नास वर्षं झाली असतील त्याला. मी समजत होते जळायची मक्तेदारी माझी. चहा झाला, दोघी प्यायलो. निघताना तिने पायरीपर्यंत येऊन माझा हात धरला, आणि मी तो सोडवून घेतला नाही.

घरी आले तर विमलवहिनी जिन्यात माझी वाट बघत उभ्या. आत आल्या, दार लावून घेतलं, आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "वंदनाताई, मला पण काही दिसत नाही हो. वाचताना तर नाहीच, आणि काल तुम्ही वाचत होता तेव्हाही नाही. सगळ्या जेवू ऱ्हायल्या म्हणून मी आपलं तोंड हलवलं."

"अहो, पण का?"

"एकटी मीच कशी कोरडी राहिले असं वाटायला नको. पण काल तुम्ही सांगितलं आणि मग मला कळलं. मी तुमच्या आईच्या हातचं जेवलेय. लहान होते, दादांबरोबर कांद्याच्या ट्रॅक्टरवर बसून आले होते लासलगावला. तुमच्या पडवीत बसलो होतो आम्ही."

मी, शैला, विमलवहिनी. जिने जिने तिला खरंखुरं पाहिलं होतं, तिच्यासाठी पुस्तक म्हणजे नुसती अक्षरं. आणि जिने कधी पाहिली नाही, तिच्या ताटात गरम भाकरी! विमलवहिनी म्हणाल्या, संकल्प दर्शनाचा होता ना, ज्यांना आधी झालंय त्यांना परत कशाला होईल? असेल. मला तर हे तिरपागडंच वाटलं. ज्याचा हक्क त्यालाच दार बंद?

आणि मग माझ्या डोक्यात मुग्धा आली. माझी लेक. आजी गेल्यावर कितीतरी वर्षांनी झालेली. कॉम्प्युटरवर घरूनच काम करते, मराठी कादंबरीला कधी हात लावत नाही. ती आत जाऊ शकणार होती.

इथे मी काही लपवणार नाही. मी दोन दिवस तिला विचारलंच नाही. आईचा चेहरा माझ्या मुलीला दिसणार, आजन्म तिच्या लक्षात राहणार, आणि मी तिला विचारत बसणार, सांग गं कशी होती? स्वतःच्या पोटच्या पोरीवर जळायचं म्हणजे हद्द झाली. पण पारायणाचा शेवटचा दिवस आला. मंदाताईंनी स्पष्ट सांगितलं होतं, समाप्तीच्या अक्षता पडल्या की संपलं, मग परत नाही. तेव्हा सकाळी मी मुग्धाच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले.

"आई, सिरियसली?" ऐकून झाल्यावर ती म्हणाली. "तुझा तर या सगळ्यावर विश्वास नाही ना?"

"नाहीच आहे. पण तू चल. आणि तुला दिसली, तर सांग, मी वंदूची मुलगी. ती काय म्हणते ते ऐकून ये. शब्द न् शब्द."

मुग्धाने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मुकाट्याने लॅपटॉप बंद केला.

दुपारी विमलवहिनी वाचायला बसल्या. मी मुग्धाच्या बरोबर समोर बसले, गुडघ्याला गुडघा लावून. शेवटच्या प्रकरणात तसं काही घडत नाही. लिलाव आटोपलेत, पंगती उठल्यात, भागामावशी एकटीच चुलीपाशी बसलीये. मुग्धा सुरुवातीला ओठ दाबून हसू आवरत होती. मग तिचं हसू गेलं. तिने मान वर केली, आणि मग हळूच खाली आणली, म्हणजे समोरची बाई बसली असणार. तिचे ओठ हलायला लागले. आवाज नव्हता. ती बोलत होती, ऐकत होती, मान हलवत होती. एकदा हसली. मी तिच्या डोळ्यांत बघत होते, इतक्या जवळून, की त्यात तरी काही दिसेल. त्यात मीच दिसत होते, केस विस्कटलेली. मग मुग्धाचा चेहरा एकदम गंभीर झाला आणि तिने कशाकडे तरी वळून बघितलं.

विमलवहिनींनी पुस्तक मिटलं. अक्षता पडल्या.

मुग्धा उठली, माझा दंड धरून मला गॅलरीत घेऊन गेली.

"दिसली?" मी विचारलं.

"हो."

"माझ्याबद्दल सांगितलंस?"

"सांगितलं. मी वंदूची मुलगी म्हटलं. तर हसायलाच लागली गं ती. म्हणाली, 'काय बी बोलते का? माझी वंदू येवढीशी हाय. तिला कुठली आली तुझ्यायेवढी पोर?'"

"पुढे?" मी म्हटलं.

"मग मी विचारलं, कुठाय ती? तर म्हणाली, शाळेत गेलीय, येईलच आता." मुग्धाचा आवाज फुटला. "आई, तिथे चुलीच्या कडेला एक ताट झाकून ठेवलेलं होतं. मी म्हटलं, सगळे जेवले, तुम्ही नाही जेवलात? तर म्हणाली, 'वंदू आल्याबिगर मी जेवत नाय.'"

पुस्तकात भागामावशीला मूल नाही. मी परत परत तपासलंय, शैलानेही तपासलं. आणि तिथे, त्या चुलीपाशी, मुलगी शाळेत गेलेली आहे. आईकडे मी आधीच आहे. म्हणून मला आत जागा नसेल का? मला माहीत नाही. मुग्धाने आजीचा चेहरा कागदावर काढायचा प्रयत्न केला, तिला चित्र येत नाही, भोपळ्यासारखं काहीतरी झालं. मी ते ठेवून दिलंय. मंदाताईंनी पुन्हा चौरंग मांडून बघितला, पुन्हा पाणी सोडलं, सगळ्या बसल्या, मुग्धाही बसली. कोणालाच काही झालं नाही. सुलभाकाकू तर घोरायला लागल्या. हे सगळं काय होतं, का थांबलं, याचं उत्तर ना माझ्याकडे आहे ना शैलाकडे. तुमच्यापैकी कोणी पटेलसं सांगितलं तर मी ऐकून घेईन, पण मनाचे खेळ असं म्हणू नका. ते मी स्वतःच म्हणून बसलेय.

आता मंदाताईंचा राग येत नाही. शैलाचाही नाही, ती हल्ली दर रविवारी येते. आता मी जळते ती त्या शाळेत गेलेल्या पोरीवर. तिला आईचा चेहरा रोज दिसतो आणि तिला त्याचं काही नाही, तिचं लक्ष सगळं खेळण्यात.

मुग्धाला एकच काळजी लागून राहिलीय. सारखी विचारते, "आई, पुस्तक तर तिथेच संपलं. मग आजी जेवली असेल का गं?"

जेवली असेल. शाळा सुटली की मी रेंगाळत नसे, सरळ घरी यायचे. भूक लागलेली असायची ना.